ओळखीचा सूर

गेल्या वैशाखांत आमच्या गांवीं, औसा तालुक्यांत, माझ्या चुलतबहिणीचें लग्न झालें. लग्नाच्या आधीं हळद दळण्याचा विधि असतो. पिठाच्या गिरण्या आल्यापासून घरोघरचीं जातीं अडगळींत पडलीं. तरी या एका दिवसापुरतें जातें बाहेर काढतात, धुतात, त्याला कुंकू लावतात आणि अंगणांत मांडतात. माझी आजी त्या वेळीं ओसरीवर बसली होती. तिचें वय नव्वदीच्या घरांतलें. गेलीं तीन-चार वर्षें तिची स्मृति ढासळत चालली आहे. मला ती माझ्या थोरल्या चुलत्याच्या नांवानें हांक मारते, आणि जेवून उठल्यावर घटकाभरानें आपल्याला कोणीं जेवूं घातलें नाहीं म्हणून रुसते.

तिला बरें वाटावें म्हणून मीं मोबाइलवर जात्यावरच्या ओव्यांचें एक ध्वनिमुद्रण लावलें. ओव्या पुणें जिल्ह्यांतल्या मुळशीकडच्या होत्या. आवाज गोड, शब्द स्पष्ट. आजीनें क्षणभर ऐकलें, "कोन्या गावच्या बाया हायेत रं ह्या?" असें विचारलें, आणि पदर सावरून ती दुसरीकडे पाहूं लागली. थोड्या वेळानें माझी चुलती व शेजारची एक बाई जात्याशीं बसल्या. जातें फिरूं लागलें. चुलतीनें आमच्या गांवच्या चालीवर ओवीचा पहिला शब्द उचलला, आणि तो पुरा होण्यापूर्वींच ओसरीवरून आजीचा आवाज आला. सात-आठ ओव्या तिनें ओळीनें म्हटल्या. त्यांतल्या दोन चुलतीलाही ठाऊक नव्हत्या. जातें थांबलें तशी आजी थांबली. मला पुन्हां चुलत्याच्या नांवानें हांक मारून तिनें पाणी मागितलें.

मी शाळेंत विज्ञान शिकवितों. मुलांना 'कारण काय?' असें रोज विचारणाऱ्या माणसाला त्या दिवशीं तोच प्रश्न स्वतःला विचारावा लागला. छंद तोच, विषय तेच, आवाजही बाईचाच. मग मुळशीची ओवी परकी आणि औशाची ओवी इतकी जवळची कां? या विषयावर जें हातीं लागलें तें मीं वाचलें, आणि वाचतां वाचतां माझें एक मत झालें. तें येथें मांडतों. तें सर्वांना रुचेल असें नाहीं. पहिल्यानें तें माझ्याच अंगावर येतें.

ध्वनि म्हणजे हवेंतील कंप. ते कानाच्या पडद्यावर आदळतात, पडद्यामागचीं तीन चिमुकलीं हाडें ते आंत पोहोंचवितात, आणि आंत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवानें भरलेली एक नळी असते, तींत ते पसरतात. या नळीच्या तोंडाशीं उंच सूर जाणवतात व टोकाशीं खालचे. जणूं आंतच एक पेटी मांडून ठेवलेली आहे. तेथून मज्जातंतूंच्या वाटेनें संदेश निघतो तो मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागांत पोहोंचतो. इथवरचें सारें पाठ्यपुस्तकांत असतें आणि परीक्षेंतही येतें. परंतु हें नुसतें ऐकणें झालें. ओळखणें ही पुढची पायरी आहे, आणि खरें नवल तेथें आहे.

आपल्याकडच्या एखाद्या भजनी मंडळांत जाऊन पाहा. बुवा काळी एकमध्यें गातात. तीच चाल महिला मंडळ काळी चारमध्यें धरतें. पहिल्या गाण्यांतला प्रत्येक स्वर दुसऱ्यांत निराळ्या कंपसंख्येवर बसलेला असतो. कानाच्या दृष्टीनें हीं दोन वेगळीं गाणीं आहेत. तरीही पांच वर्षांचें पोर सांगेल कीं चाल तीच आहे. याचा अर्थ असा कीं, मेंदू मुख्यतः सुटे स्वर सांठवीत नाहीं. एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर सांठवितो. सूर किती चढला, किती उतरला, कोठें रेंगाळला, हा चालीचा नकाशा तो जवळ ठेवतो. मुळशीच्या व औशाच्या ओवींत शब्द एका घरचे असले तरी हा नकाशा निराळा होता, आणि आजीजवळ एकच होता.

नकाशा जुळावयास वेळ किती लागतो? येथें मात्र माझी मति गुंग झाली. १९९९ सालीं शेलेनबर्ग नांवाच्या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं लोकप्रिय गाण्यांचे सेकंदाच्या पांचव्या आणि दहाव्या भागाएवढे तुकडे कापून लोकांना ऐकविले, आणि गाण्यांच्या नांवांची यादी हातांत देऊन कोणता तुकडा कोणाचा हें विचारलें. सेकंदाच्या दहाव्या भागावरूनही लोकांचीं उत्तरें नुसत्या अंदाजापेक्षां बरीं आलीं. २०१९ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्यें दहा माणसांवर प्रयोग झाला. प्रत्येकाच्या आवडीचें एक गाणें आणि त्याच धाटणीचें एक अनोळखी गाणें घेतलें. दोहोंचे सेकंदाहूनही लहान असे तुकडे सरमिसळ करून ऐकविले. आणि तोंडी उत्तर न मागतां डोळ्यांतील बाहुली व मेंदूंतील विद्युत्प्रवाह यांची नोंद ठेवली. ओळखीच्या तुकड्याला बाहुलीनें सेकंदाच्या एक ते तीन दशांशांत वेगळा प्रतिसाद दिला, आणि मेंदूनें त्यानंतर लगेच. पापणी लवावयास साधारण इतकाच वेळ लागतो. दहा माणसें हा आंकडा लहान आहे, आणि ओळखीचें गाणें हेंच आवडीचेंही असल्यामुळें ओळख कोणती व आवड कोणती हें यांत नीट वेगळें करतां येत नाहीं, एवढें मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मुलांपैकीं कोणी चतुर असेल तो विचारील, सेकंदाच्या दहाव्या भागांत चाल मावतेच कोठें? एक स्वरही पुरता लागत नाहीं. शंका रास्त आहे. इतक्या अल्प वेळांत मेंदू चाल पाहत नाहीं, तो आवाजाची जात पाहतो. माहूरच्या रेणुकेच्या नांवानें गोंधळ उभा राहिला कीं संबळाच्या पहिल्या ठोक्यालाच घरांतलीं निजलेलीं मुलें उठून बसतात. अजून कोणीं एक अक्षरही म्हटलेलें नसतें. मार्गशीर्षांत माळेगावच्या जत्रेला जाणाऱ्यांना दिमडी कानावर पडतांच खंडोबाचे वाघे दिसूं लागतात. आणि ज्या पालकांच्या बालपणीं घरांत रेडिओ होता, त्यांना आकाशवाणीची ती प्रारंभींची धून आठवा म्हटलें तर तंबोऱ्याच्या पहिल्या झंकाराबरोबरच पहाट, चूल आणि आईची घाई हीं एकदम समोर उभीं राहतील. ती धून बांधणारा वाल्टर कॉफमन हा नाझींच्या भयानें मध्य युरोप सोडून मुंबईस आलेला ज्यू संगीतकार होता; पण त्यानें जी धून बांधली ती शिवरंजनीच्या अंगाची. परक्या माणसाची असूनही ती आपली झाली, कारण रोज ऐकूं आली.

रोज ऐकूं आली, हें यांतलें मुख्य. ही ओळख कोणी जन्मतः घेऊन येत नाहीं. मात्र ती फार लौकर जडूं लागते. उत्तर आयर्लंडमध्यें पीटर हेपर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, ज्या माता गरोदरपणीं दूरचित्रवाणीवरील एक मालिका नित्य पाहत, त्यांचीं दोन-चार दिवसांचीं अर्भकें त्या मालिकेच्या आरंभींचें संगीत ऐकून शांत व सावध होत. इतर अर्भकांना त्याचें कांहींच नव्हे. पुढें तें संगीत कानावर पडलें नाहीं तेव्हां तीन आठवड्यांत ही ओळख दिसेनाशी झाली. अर्भकाची स्मृति ती! एकदां लिहिलें म्हणजे कायमचें झालें असें येथें नाहीं, गिरवावें लागतें.

आणि पुष्कळ वर्षें गिरविलेलें मात्र सहजासहजीं पुसत नाहीं. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें वाइल्डर पेनफील्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करीत, तेव्हां रोगी जागा असे. मेंदूच्या कानशिलाकडील भागाला सूक्ष्म विद्युत्स्पर्श केला असतां कांहीं रोग्यांना प्रत्यक्ष गाणें ऐकूं येई. खोलींत कोणी वाजवीत आहे असें त्यांना वाटे. त्या काळीं कित्येकांना वाटलें कीं मेंदूंत गाण्यांच्या तबकड्याच रचून ठेवल्या आहेत. आज तसें कोणी मानीत नाहीं. एका चालीची स्मृति एका ठिकाणीं नसून अनेक ठिकाणीं विखुरलेली असते. कांहीं ऐकण्याच्या भागांत, कांहीं हालचाल ठरविणाऱ्या भागांत, कांहीं भावनांच्या. २०१५ सालीं लाइपझिग येथील संशोधकांनीं तपासून पाहिलें तेव्हां त्यांना आढळलें कीं, फार दिवसांच्या परिचयाचें गाणें ऐकतांना मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच भाग अल्झायमर या विस्मृतीच्या रोगांत पुष्कळ उशिरापर्यंत शाबूत राहतात. आणि त्यांतला एक भाग हालचालींची आंखणी करणारा आहे. हें वाचलें आणि मला आमच्या अंगणांतलें जातें दिसलें. आजीची ओवी तिच्या कानांत जितकी आहे तितकीच तिच्या खांद्यांत आणि मनगटांतही आहे. ओव्या गोळा करणाऱ्यांना खेड्यांतल्या बाया सांगत आल्या आहेत कीं, जात्याशीं बसल्याशिवाय ओवी सुचत नाहीं. आपण तो विनय समजत होतों. ती शरीरशास्त्रांतली गोष्ट निघाली. आजीच्या डोक्याची तपासणी मीं कांहीं केलेली नाहीं, तेव्हां तिच्याविषयीं हें अनुमान आहे एवढेंच म्हणतों.

ओळखीबरोबर आनंद कां येतो, याचाही थोडा शोध लागला आहे. मॉन्ट्रियलच्याच संशोधकांनीं २०११ सालीं असें दाखविलें कीं, आवडत्या गाण्यांतली ती अंगावर कांटा आणणारी जागा येण्याच्या आधींच मेंदूच्या एका भागांत डोपामिन नांवाचें द्रव्य स्रवूं लागतें, आणि जागा आल्यावर दुसऱ्या भागांत. म्हणजे अर्धा आनंद वाट पाहण्यांत आहे. हें तर कीर्तनाला बसणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्यानें सांगितलें असतें. सम यावयाच्या आधींच सभेची मान तयार असते. औशाच्या नाथमठाचें चक्री भजन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको. तेथें पाय आधीं वळतो, मग शब्द येतो. पण ज्याला चाल ठाऊकच नाहीं तो वाट कशाची पाहणार? त्याच्यापुढें तेंच भजन झालें तरी त्याला हा अर्धा आनंद मुळींच मिळत नाहीं.

याचा पडताळा नांदेडला रोज घेतां येतो. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं जेथें देह ठेवला, त्या सचखंड गुरुद्वारांत पहाटेपासून कीर्तन चालतें. श्री गुरु ग्रंथसाहिबांतील बहुतेक वाणी ३१ रागांच्या क्रमानें लावलेली आहे, आणि तींत आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. कांहीं धनाश्रींत, कांहीं तोडींत, कांहीं मल्हारांत. नामदेवांचें जन्मस्थान मानलेली नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत. इतका हा जवळचा माणूस. पण गुरुद्वारांत त्याचें पद चाललेलें असतां बाहेर चप्पल काढणाऱ्या आपल्यापैकीं किती मराठी माणसांचे कान टवकारतात? भाषा उत्तरेकडची, चाल वेगळी, वाद्यमेळ वेगळा. शेजारीं बसलेल्या शीख आजीबाईंचे ओठ मात्र रागी गाऊं लागण्यापूर्वींच हलत असतात. पद तेंच आहे, नामदेवही तेच आहेत. ओळख पदांत नसते, ती ऐकणाऱ्याजवळ असावी लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं हेंच मर्म ओळखलें होतें. विलायती चालींवर बसविलेलीं मराठी पदें लोक आदरानें ऐकतात पण गुणगुणत नाहींत, हें पाहून त्यांनीं अभंग आणि भजनें लिहिलीं, आणि 'ख्रिस्तायन' ओवींत रचावयास घेतलें.

आतां माझ्या मताकडे येतों. आमच्या या दोन जिल्ह्यांचें नांव आज महाराष्ट्रांत कशासाठीं घेतात हें पालकांना सांगावयास नको. लातूर पॅटर्न हा शब्द दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे. नांदेडलाही मुलें ट्रंका घेऊन परगांवांहून येतात. त्यांतून किती गरीब घरांतलीं मुलें डॉक्टर झालीं हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाहीं. परंतु त्याची किंमत आपण कशानें भरतों? सकाळीं सहाला शिकवणी, मग शाळा, मग पुन्हां शिकवणी. रात्रीं दहाला मूल घरीं येतें तें कानांत बोंडें खुपसून निजतें. ज्या वयांत कान भरावयाचा, त्याच वयांत आपण तो बंद करतों. वेळापत्रकांत गायनाचा एक तास उरलेला असतो, आणि अभ्यासक्रम पुरा करावयाचा राहिला म्हणजे कोणीतरी शिक्षक तो मागून नेतो. हा कोणीतरी म्हणजे मी. गेल्या सालीं जुलैपासून दिवाळीपर्यंत दहावीच्या वर्गाचे गायनाचे सारे तास मीं घेतले, प्रकाशाचे नियम शिकविले, आणि त्याबद्दल माझी वाहवाही झाली.

कोणी म्हणेल, गायनानें बुद्धि वाढते, गणित सुधारतें, असें सांगा म्हणजे पालक आपोआप ऐकतील. मला तें सांगतां येणार नाहीं. १९९३ सालीं कॅलिफोर्नियांतून अशी एक बातमी आली होती कीं, मोझार्टचें संगीत ऐकल्यानें विद्यार्थ्यांचे गुण वाढले. पुढें पुष्कळांनीं तो प्रयोग करून पाहिला. परिणाम झालाच तर थोडा आणि कांहीं मिनिटांचा, आणि त्याला मोझार्टच हवा असेंही नाहीं. गुणांच्या आमिषानें गाणें शाळेंत आणलें, तर गुण वाढले नाहींत म्हणजे तें पुन्हां बाहेर जाईल. ओवी कोणत्याही प्रवेशपरीक्षेंत येत नाहीं, हें मान्य आहे.

दुसरे म्हणतात, काळजी कशाला, आतां सारें ध्वनिमुद्रित आहे. खरें आहे. हेमा राईरकर आणि गी प्वात्वां यांनीं आपल्या सहकारिणींसह हजारांहून अधिक गांवांतून लाखावर ओव्या जमविल्या. त्यांतल्या कित्येक आज 'पारी' या संग्रहांत कोणालाही ऐकतां येतात. याहून मोठें काम मराठींत थोडें झालें असेल. आजीला ऐकविलेल्या ओव्या अशाच जपलेल्या होत्या, आणि आजीनें दुसरीकडे तोंड फिरविलें, कारण त्या तिच्या नव्हत्या. संग्रहांत गाणें ठेवतां येतें, ओळख ठेवतां येत नाहीं. ती एका गळ्यांतून दुसऱ्या कानांत, आणि तीही शंभर वेळां, जावी लागते. माझ्या चुलतबहिणीला आमच्या गांवची ओवी येत नाहीं. तिच्याच हळदीला ती मोबाइलवर चित्रण करीत उभी होती. उद्यां ती नव्वदीची झाली आणि सारीं नांवें विसरली, तर तिला जागें करावयास आपण काय वाजवणार आहों?

येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. शंभरांत एखाद-दुसऱ्या माणसाला चाल ओळखणें जन्मतःच जमत नाहीं. त्याचा कान चांगला असतो, बुद्धिही चांगली असते. मेंदूंतली ही एक वाट तेवढी अपुरी असते. असा मुलगा वर्गांत असेल तर त्याला हसूं नये. त्याला टाळ द्यावा.

या जूनपासून आठवीच्या वर्गांत दर गुरुवारीं माझ्या तासाचीं शेवटचीं दहा मिनिटें मीं सोडून दिलीं आहेत. दहावीच्या वर्गांत तसें करण्याचें धैर्य मला अजून झालें नाहीं. नियम एकच: घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलें, वहींत न उतरविलेलें एक गाणें आणावयाचें. पहिल्या गुरुवारीं लोहा तालुक्यांतल्या एका मुलानें बाकावर बोटें आपटून वाघ्या-मुरळीचें गाणें सुरू केलें. नुसत्या ठेक्यावर मागच्या बाकावरचे तिघे जण माना हलवूं लागले. खिडकीशीं बसलेला एक शीख मुलगा मात्र स्वस्थ होता. मीं विचारलें, "तुला काय येतें?" तो म्हणाला, "सर, आजोबा पहाटे म्हणतात तें येतें. पण इथें तें कोण ओळखणार?" मीं म्हटलें, "म्हण तर खरा." त्या दिवशीं वर्गानें तें गुमान ऐकून घेतलें. दुसऱ्या गुरुवारीं त्याला मीं तेंच पुन्हां म्हणावयास लावलें, तेव्हां दोघे-तिघे जांभया देत होते. तिसऱ्या गुरुवारीं त्यानें पहिला सूर लावला न लावला तोंच, लोह्याच्या मुलाचीं बोटें बाकावर त्या गाण्याचा ठेका धरूं लागलीं होतीं.